गोल डोक्याची हातोडी : तिची कामे आणि तिची निगा

गव्हाणीत शेवटची मोळी पडते, गळीत बंद होते, भोंगा गप्प बसतो आणि बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना आता दसऱ्यापर्यंत झोपला. पण ज्याचे घर कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे त्याला विचारा. तो सांगेल, की हंगाम संपला की दुसराच आवाज सुरू होतो. ठक् ठक्, ठण् ठण्. हा आवाज वर्कशॉपचा. पावसाळाभर मिल उघडलेली असते, कॅरिअरची साखळी खाली उतरवलेली असते, पंप सुटे झालेले असतात, आणि प्रत्येक फिटरच्या हातात एक हातोडी असते. एका बाजूला चपटे तोंड आणि दुसऱ्या बाजूला लिंबासारखा गोळा. हीच बॉलपीन हातोडी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती असतेच. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये नाही तर मोटारीच्या खोपीत, कोनाड्यात. पण खरे सांगायचे तर आपण तिचा वापर खुंटी ठोकायला, खिळा मारायला, नारळ फोडायलासुद्धा करतो. ती गोळ्याची बाजू कशासाठी, हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसते. ते ठाऊक झाले तर गॅरेजच्या फेऱ्या वाचतील. आणि हातोडी कुठे चालवायची नाही हे ठाऊक झाले तर डोळा वाचेल. म्हणून हा लेख.

हातोडीची ओळख

हातोडीचे डोके साध्या लोखंडाचे नसते. ते पोलाद तापवून, साच्यात दाबून घडवलेले असते. चपट्या बाजूला तोंड म्हणतात आणि गोल बाजूला पीन. ही दोन्ही टोके पाणी देऊन कडक केलेली असतात. मधला भाग, म्हणजे गाल, मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण घावाचा हादरा त्याने पचवायचा असतो. सगळेच डोके कडक केले असते तर ते दांड्याच्या भोकापाशी तडकले असते. म्हणूनच हातोडी आडवी धरून गालाने ठोकू नये. ती जागा मार देण्यासाठी नाही.

चपटे तोंड म्हणतो खरे, पण बोट फिरवून बघा. ते किंचित फुगीर असते. घाव थोडा तिरपा पडला तरी तोंडाची धार पत्र्यात रुतू नये आणि चंद्रकोरीचा व्रण उठू नये, यासाठी ही सोय आहे. दांड्याचे भोकही गोल नसते, लांबट असते, म्हणून डोके हातात फिरत नाही. आणि ते मध्यावर अरुंद, दोन्ही तोंडांना रुंद असते. खालून दांडा घट्ट बसतो, वरून पाचर मारली की दांड्याचे टोक पसरते आणि डोके अडकून राहते. इतक्या लहान वस्तूत एवढा विचार केलेला आहे.

वजनाच्या हिशेबाने या हातोड्या साधारण १२५ ग्रॅमपासून ७५० ग्रॅमपर्यंत मिळतात. जुने फिटर अजून पौंडातच बोलतात. 'दीड पौंडी दे' म्हणाले की पाऊण किलोच्या आतली, सुमारे ६८० ग्रॅमची हातोडी द्यायची. सेंटर पंचाने खूण करायला २५० ग्रॅमची पुरते. छिन्नी चालवायला अर्ध्या किलोच्या पुढची लागते. हलक्या कामाला जड हातोडी घेतली तर काम बिघडते आणि जड कामाला हलकी घेतली तर माणूस दमतो.

भाकरी थापणे आणि पोळी लाटणे

आता गोळ्याचे गुपित. चपट्या तोंडाचा घाव मोठ्या जागेवर वाटला जातो. तोच जोर गोळ्याने मारला तर तो एका ठिपक्यावर पडतो. तिथले लोखंड दबते, आणि दबलेले लोखंड जाणार कुठे? ते चहूबाजूंना सरकते.

माय-बहिणींना हे वेगळे सांगायला नको. भाकरी थापताना बोटांच्या दाबाने पीठ सगळीकडे सारखे पसरते. पोळी लाटताना लाटणे ज्या दिशेने फिरेल त्या दिशेने कणीक लांबते. गोल पीनचे काम भाकरीसारखे आहे. लोहाराकडे आडव्या धारेची हातोडी असते, तिचे काम लाटण्यासारखे. ती लोखंड एकाच दिशेला लांबवते. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढची सगळी कामे आपोआप समजतात.

रिव्हेट मारणे

हे या हातोडीचे जुने काम. दोन पत्रे किंवा पट्ट्या कायमच्या जोडायच्या असतील तर भोकातून रिव्हेट घालून त्याचे दुसरे टोक फुलवतात. रिव्हेट किती लांब घ्यावा, याचा हिशेब सोपा आहे. गोल डोके करायचे असेल तर दोन्ही पट्ट्यांची मिळून जाडी, अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. समजा दोन पट्ट्या मिळून ८ मिलिमीटर आणि रिव्हेट ६ मिलिमीटरचा. मग ८ अधिक ९, म्हणजे १७ मिलिमीटर लांबी हवी. आखूड घेतला तर डोके नीट भरत नाही. लांब घेतला तर तो वाकतो आणि डोके एका अंगाला कलते.

खालचे डोके जड लोखंडावर टेकवा. आधी पट्ट्या एकमेकींना चिकटवून घ्या, मध्ये फट राहू देऊ नका. मग चपट्या तोंडाने सरळ दोन-चार घाव घाला, म्हणजे दांडी भोकात फुगून घट्ट बसते. त्यानंतर गोळ्याने कडेकडेने फिरत हलके घाव घालून टोक फुलवत न्या. शेवटी स्नॅप ठेवून डोक्याला आकार द्या. पहिल्या घावालाच जोर काढणारा माणूस रिव्हेट वाकवतो. इथे जोरापेक्षा क्रमाला किंमत आहे.

पंपाचे पॅकिंग कापणे

हे काम प्रत्येक सभासदाने शिकून घ्यावे, कारण विहिरीवर त्याची गरज पडतेच. पंपाच्या फ्लँजमधले पॅकिंग गेले की आपण तालुक्याला धावतो. त्याऐवजी पॅकिंगच्या शीटचा तुकडा घरी ठेवावा.

फ्लँजचे तोंड आधी साफ करा. शीट त्यावर ठेवा. एका बोल्टच्या भोकावर गोळा टेकवून अगदी हलके, टिचकी मारल्यासारखे ठोका. खालची भोकाची कडच शीट कापते आणि गोल चकती खाली पडते. त्या भोकात बोल्ट घाला. मग समोरचे भोक कापा, त्यातही बोल्ट घाला. आता शीट सरकत नाही. बाकीची भोके, मधले मोठे भोक आणि बाहेरची कड याच पद्धतीने उतरवा. मधले भोक पाइपच्या भोकापेक्षा लहान राहता कामा नये, नाही तर पाण्याला अडथळा होतो. कापलेल्या चकत्या पंपात पडल्या नाहीत ना, हे मोजून बघा.

इथे तीन इशारे आहेत. एक, जोरात ठोकल्यास बिडाच्या फ्लँजची कड तुटते. दोन, अॅल्युमिनियमच्या किंवा मऊ धातूच्या तोंडावर हा उद्योग करूच नका. तिथे पेन्सिलीने आखून कात्रीने आणि पोकळ पंचाने कापा. तीन, जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. जुने पॅकिंग कोरडे खरवडू नका, पाण्याने भिजवून काढा आणि नवे घेताना अॅस्बेस्टॉस नसलेले मागून घ्या.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. डिलिव्हरीच्या बाजूचे पॅकिंग गेले तर पाणी गळताना दिसते. सक्शनच्या बाजूचे गेले तर बाहेर थेंबही दिसत नाही, आत हवा ओढली जाते आणि पंपाचे पाणी तुटते. 'मोटार फिरते पण पाणी येत नाही' या तक्रारीमागे अनेकदा दोन रुपयांच्या शीटचा प्रश्न असतो. आपल्या विहिरीवर जे घडते तेच कारखान्यात रसाच्या पंपावर घडते. फरक इतकाच, की तिथे पंप थांबला तर मिल थांबते आणि यार्डात तुमच्या-आमच्या उसाच्या गाड्या उभ्या राहतात. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात उभा, तितके वजन घटते आणि साखरही कमी होते. म्हणून पावसाळ्यातली ती टकटक ही तुमच्या बिलाचीच राखण आहे.

वाकलेली पट्टी सरळ करणे

पट्टी चपट्या अंगाने वाकली असेल तर ऐरणीवर ठेवून, फुगवटा वर करून चपट्या तोंडाने ठोकली की सरळ होते. पण कडेच्या अंगाने, विळ्यासारखी वाकली तर बहुतेक जण फुगलेल्या कडेवर घाव घालत बसतात आणि पट्टी पिळते. इथे भाकरी आठवा. विळ्याच्या आतली कड आखूड झालेली असते. पट्टी ऐरणीवर सपाट ठेवा आणि त्या आतल्या कडेच्या लगत गोळ्याने ओळीने घाव घालत चला. तिथले लोखंड पसरते, आखूड कड लांबते आणि पट्टी हळूहळू सरळ येते. साध्या मऊ लोखंडाच्या पट्टीला हा उपाय चालतो. पाणी दिलेले पाते थंडपणी असे ठोकू नये, ते तडकते. ते लोहाराच्या भट्टीवरच न्यावे.

वेल्डिंगवरचे घाव

वेल्डिंगची शिवण थंड होताना आकसते आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडाला ओढते. त्या ओढीने पत्रा वाकतो, कधी शिवणच फुटते. म्हणून जाड कामात प्रत्येक थर गरम असतानाच, वरचा मळ काढून, गोळ्याने हलके ठोकतात. शिवण थोडी पसरते आणि ओढ सैल पडते. मात्र पहिला थर पातळ असतो, तो ठोकला तर फुटतो. आणि शेवटचा थर ठोकला तर कातडी कडक होते आणि बारीक चिरा झाकल्या जातात. म्हणून ठोकायचे ते मधले थर.

बिडाच्या कामात तर याला फार महत्त्व आहे. बीड लवचिक नसते. निकेलच्या रॉडने एक इंचभर शिवण मारायची, लगेच हलके ठोकायची, हात टेकवता येईल इतकी थंड होऊ द्यायची, मग पुढची. घाई केली की शेजारी 'टक्' असा आवाज येतो आणि नवी चीर दिसते. तुमचा वेल्डर बिडाचे काम अर्ध्या तासात उरकून देतो म्हणाला तर दुसरा वेल्डर बघा.

यामागचे तत्त्व मोठे आहे. तडा बहुधा वरच्या कातडीपासून सुरू होतो, आणि कातडी ताणलेली असेल तर तो उघडत जातो. ठोकून कातडी दाबून ठेवली तर तडा उघडायला वाव राहत नाही. ट्रॉलीच्या कमानीचे पाटे बनवताना कारखान्यांत त्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात, तो यासाठीच. पण म्हणून घरी पाट्यांवर हातोडी चालवू नका. यंत्राचा मारा सारखा असतो, आपला एखादा घाव खोल जातो, आणि पाटा नेमका त्याच व्रणावर मोडतो.

वाजवून बघणे

बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून घेतो. अखंड मडके खणखणते, चीर गेलेले भद्द बोलते. लोखंडही तसेच बोलते. मोकळा लटकवलेला अखंड भाग हलक्या हातोडीने वाजवला तर नाद घुमतो. तडा गेलेला असेल तर नाद मरतो. सैल रिव्हेट ओळखायचा असेल तर एका बाजूला बोट टेकवा आणि दुसऱ्या बाजूने टिचकीसारखा घाव घाला. सैल रिव्हेट बोटाला थरथर सांगतो. संशय आला तर पुढची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. कान हा पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे.

ग्राइंडरचे नवे चाक बसवण्याआधीही वाजवून बघतात. पण तिथे हातोडीचे डोके वापरू नका, लाकडी दांड्याने हळू वाजवा. चीर गेलेले चाक फिरताना फुटले तर तुकडे गोळीसारखे येतात.

एक डोळा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट.

माझा चुलतभाऊ आपल्या शेतात ट्रॉलीची पिन काढत होता. पिन गंजून अडकली होती. पंच हाताशी नव्हता. त्याने एक हातोडी पिनेवर टेकवली आणि दुसऱ्या हातोडीने तिच्यावर घाव घातला. दोन्ही तोंडे पाणी दिलेली, कडक. कडक पोलाद कडक पोलादावर आपटले की ते चेपत नाही, त्याचा टवका उडतो. तिसऱ्या घावाला काहीतरी डोळ्यात गेले. त्याला वाटले, गंजाचा कण असेल. डोळा चोळला, पाणी मारले, पिन काढली, संध्याकाळी जेवला. दोन दिवस फक्त लाली होती. आठवड्याने अंधुक दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला तोवर पोलादाचा कण आत राहून गंजू लागला होता. तो डोळा गेला.

आज तो शेती करतो, सगळे करतो. पण काट्यावर ट्रॉली उलटी लावायला मुलाला हाक मारतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. चष्म्याची किंमत त्या वेळी एका चहापाण्याइतकी होती.

म्हणून हे नियम. हातोडीवर हातोडी कधीही मारायची नाही. बेअरिंगवर, गिअरच्या दातांवर, फाइलवर, पाणी दिलेल्या शाफ्टवर थेट घाव घालायचा नाही. मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरायचा, किंवा पुलर वापरायचा. छिन्नीचे आणि पंचाचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे फुलते. त्या छत्रीच्या कडाच टवके होऊन उडतात, म्हणून ती वेळच्या वेळी ग्राइंडरवर घासून काढायची. छिन्नी चालवताना नजर डोक्यावर नव्हे, धारेवर ठेवायची. आणि ठोकणाऱ्याने तर चष्मा लावायचाच, पण जवळ उभे राहून बघणाऱ्या पोरांना लांब करायचे. टवका ठोकणाऱ्यालाच लागतो असे नाही.

यातूनही डोळ्यात काही गेलेच तर चोळू नका, दाबू नका, चिमट्याने काढायला जाऊ नका. वर वाटी किंवा कागदी पेला उलटा धरून झाका आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. 'लोखंडावर लोखंड ठोकत होतो' हे शब्द त्यांना आवर्जून सांगा. आत लोखंडाचा कण असण्याचा संशय असेल तर एम. आर. आय. तपासणी करत नाहीत, कारण त्या यंत्राचे चुंबक कण हलवू शकते. तुमचे ते एक वाक्य डॉक्टरांना वाट दाखवते.

दांडा आणि पाचर

दुसरा धोका उडणाऱ्या डोक्याचा. अर्धा-पाऊण किलोचे पोलाद दांड्यातून सुटले तर समोरचा कोण, हे ते बघत नाही.

दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा, पुरा वाळलेला, सरळ रेषांचा, बिनगाठीचा असावा. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. त्या मध्येच बाजूला निघत असतील तर दांडा तिथेच चिरणार. डोक्यात बसणाऱ्या टोकाला उभी खाच पाडून लाकडी पाचर मारावी आणि मग तिला छेद देऊन लोखंडी पाचर. खिळा ठोकणे म्हणजे पाचर नव्हे, खिळ्याने दांडा फाटतो.

आपल्याकडे एक सवय आहे. हातोडी सैल झाली की रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी ती घट्ट लागते, हे खरे. पण लाकूड फुगून भोकाच्या कडेवर दबते आणि दुपारच्या उन्हात वाळले की पहिल्यापेक्षा सैल होते. पाण्याने घट्ट केलेली हातोडी ही उधारीसारखी आहे, दुपारी व्याजासकट वसूल करते. पाचर बदला, नाही तर दांडा बदला. दांड्याला तेलकट हात लागू देऊ नका. तोंडाची कड तुटलेली किंवा चीर गेलेली हातोडी भंगारात टाका. तिला वेल्डिंग करून परत वापरू नका.

धरायची ती टोकाशी धरा. गळ्याशी धरली तर निम्मा जोर वाया जातो आणि मनगट दुखते. हलक्या कामाला मनगट, मध्यम कामाला कोपर आणि जड कामाला खांदा.

शेवटी

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या घरातली मुले आय. टी. आय.त फिटरच्या दोन वर्षांच्या कोर्सला जातात, तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांच्या हाती हीच हातोडी, छिन्नी आणि फाइल येते. 'एवढे शिकायला पाठवले आणि हा ठोकाठोकी करतो' असे म्हणू नका. ज्याला हातोडीचा घाव कळला त्याला यंत्राची भाषा कळू लागते.

खंडेनवमीला आपण कोयते, खुरपी, पाने-पकडी धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. हातोडीही त्या पाटावर असते. येत्या खंडेनवमीला तिला फूल वाहण्याआधी हातात घेऊन एकदा हलवून बघा. डोके डुलत असेल तर आधी पाचर, मग पूजा. आणि तिच्या शेजारी एक चष्मा ठेवा. त्यालाही हळदकुंकू लावायला हरकत नाही. मात्र काम सुरू करताना काच पुसून तो डोळ्यांवर चढवायचा.